कपाटं बंद का राहतात?

मित्रहो, एका व्यवस्थापनाखाली अनेक शाळा असतात. प्रत्येक शाळेत विज्ञान, संगणक, क्रीडा, कला, ग्रंथालय असे विभाग असतात. प्रोजेक्टर, सूक्ष्मदर्शक, कॅमेरे, ध्वनियंत्रणा, अंकीय तराजू अशा कितीतरी वस्तू या सगळ्यांना लागतात, पण रोज लागत नाहीत. म्हणून त्या सामायिक घ्यायच्या असं ठरतं. प्रत्यक्षात मात्र साहित्य साऱ्यांचं, कपाट एका विभागाचं आणि किल्ली एका माणसाकडे, अशी स्थिती होते. मला आज त्या किल्लीबद्दल बोलायचं आहे.

साहित्याच्या पडताळणीचं काम मी बरीच वर्षं केलं. एकदा एका शाळेकडून नव्या तराजूंची मागणी आली आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या शाळेच्या कपाटात तसेच तराजू मला वेष्टनासकट सापडले. तिथल्या बाईंना विचारलं, हे यादीत का नाहीत? त्या शांतपणे म्हणाल्या, "यादीत घातले की कुणीतरी मागून नेतं. नेलेलं परत येत नाही, आणि आलं तर मोडून येतं. माझ्या मुलांनी प्रयोग कशावर करायचा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचा अनुभव खरा होता.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. वस्तू दडवून ठेवणं हा शिक्षकांचा स्वार्थ नव्हे. ज्याला परतीची खात्री नाही, तो शहाणा माणूस हेच करणार. पण प्रत्येकाने तेच केलं की मोकळा साठा आटतो, टंचाई दिसू लागते, टंचाई दिसली की जो तो गरजेपेक्षा जास्त मागतो, आणि आलेलं पुन्हा कपाटात जातं. नवी खरेदी करून हे चक्र थांबत नाही. परतीची खात्री निर्माण झाली तरच थांबतं.

एकत्र साठ्याचा फायदा किती मोठा असतो, हे आधी पाहू. समजा नऊ शाळा आहेत आणि प्रत्येकीने अडीअडचणीसाठी दोन प्रोजेक्टर जादा ठेवले आहेत. म्हणजे अठरा यंत्रं नुसती वाट पाहत बसली आहेत. बिघाड कुठे आणि कधी होईल याचा एका शाळेचा दुसऱ्या शाळेशी संबंध नसेल, तर तेवढीच निश्चिंती एकत्र ठेवलेल्या सुमारे सहा यंत्रांतून मिळते. हा वर्गमुळाचा नियम आहे: ठिकाणं नऊ असतील तर जादा साठा नवाच्या वर्गमुळाने, म्हणजे तिनाने, भागला जातो. सगळीकडे एकाच दिवशी बिघाड होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पण हा नियम एका अटीवर उभा आहे, आणि ती अट शाळांमध्ये अनेकदा मोडते. प्रात्यक्षिक परीक्षा सगळ्यांच्या एकाच आठवड्यात असतात. स्नेहसंमेलनंही जवळजवळ येतात. ज्या वस्तूची गरज सगळ्यांना एकाच वेळी पडते, ती सामायिक करून काही वाचत नाही, फक्त भांडणं वाढतात. म्हणून काय सामायिक करायचं हे वस्तूच्या किमतीवरून ठरवू नका. वर्षभराचं वेळापत्रक समोर घ्या आणि गरजा एकमेकींवर कुठे आदळतात ते बघा. परीक्षांच्या तारखा दोन-तीन दिवस मागेपुढे करता आल्या, तर त्याने जी सोय होते ती मोठ्या खरेदीनेही होत नाही.

आता नोंदीकडे येऊ. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ साहित्याची नोंदवही, सगळ्यांकडे असतं. वस्तू कधी घेतली, कितीला घेतली, कोणत्या पानावर नोंदली, हे ते सांगतं. हिशेबाला ते लागतंच. पण उद्या सकाळी तास घ्यायचा आहे त्याचे प्रश्न वेगळे असतात: वस्तू आत्ता कुठे आहे, कोणाकडे आहे, कधी मोकळी होईल आणि चालते का? या चार प्रश्नांसाठी दुसरी नोंद लागते, फिरतीची. प्रत्येक वस्तूला एक कायमचा क्रमांक आणि वस्तू हलली की एक ओळ. ती ओळ वहीत लिहा की संगणकावर, याला मी दुय्यम मानतो. मात्र ती सगळ्या विभागांना दिसली पाहिजे. आणि ताबा नेहमी माणसाच्या नावाने लिहा. 'विज्ञान विभाग' सही करू शकत नाही.

याच संदर्भात चार्ज, म्हणजे साहित्याचा ताबा, देण्याघेण्याबद्दल बोललं पाहिजे. बदली होते, शेवटच्या दिवशी घाई असते, आणि यादी न बघता दोघे सह्या करतात. वर्षानुवर्षं हरवत गेलेल्या वस्तू त्या एका सहीने नव्या माणसाच्या गळ्यात पडतात. तो पुढे कपाट उघडायला का घाबरतो, हे वेगळं सांगायला नको. चार्ज घेताना वस्तू हातात घेऊन बघायला अख्खा दिवस लागला, तरी तो दिवस द्या.

क्रमांकासाठी क्यूआर कोड सोयीचा आहे. 1994 मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने तो मोटारींच्या कारखान्यात सुट्या भागांचा माग ठेवायला बनवला, म्हणजे आपल्यासारख्याच कामासाठी. त्याच्या सर्वांत वरच्या दुरुस्ती-पातळीवर चौकटीचा सुमारे 30 टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. खरचटणाऱ्या वस्तूंसाठी तीच पातळी निवडा. चिकटपट्टी निघणाऱ्या झाकणावर किंवा पेटीवर लावू नका, मूळ यंत्रावर लावा. झाकणं आणि पेट्या आपसांत बदलतात आणि मग क्रमांक एकाचा, यंत्र दुसऱ्याचं, असं होतं. संच असेल तर पेटीत फोम कापून प्रत्येक तुकड्याच्या आकाराची खाच करा. एखादा तुकडा कमी असला की रिकामी खाच पेटी उघडताक्षणी दिसते.

सगळ्यांत महत्त्वाचा क्षण मात्र वस्तू परत येण्याचा. बहुतेक ठिकाणी ती दाराशी ठेवून निघून जातात. तिथे दहा मिनिटं द्या. दोघांनी मिळून यंत्र चालू करून बघायचं, तारा मोजायच्या, स्थिती लिहायची. कॅमेऱ्याच्या कार्डात मुलांचे फोटो राहिले असतील तर ते ज्याचे त्याला देऊन कार्ड पुसायचं. हे कधीही टाळू नका. आणि काही बिघडलं असेल, तर सांगणाऱ्याला शिक्षा नको. बिघाड सांगितला की पैसे भरावे लागतात असा नियम झाला, तर मोडलेली वस्तू गुपचूप पेटीत जाते आणि पुढच्या शिक्षकाला भर वर्गात सापडते. नेहमीच्या झिजेची दुरुस्ती सामायिक निधीतून व्हावी, असं माझं ठाम मत आहे.

मग बेफिकिरीला काहीच उत्तर नाही का? आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातली सामायिक कुरणं, जंगलं, पाटबंधारे अभ्यासले आणि 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना काही गोष्टी पुन्हा पुन्हा आढळल्या: नियम बनवण्यात वापरणाऱ्यांचा हात असतो, देखरेख करणारे वापरणाऱ्यांतलेच किंवा त्यांना बांधील असतात, आणि शिक्षा पायरीपायरीने चढते. आपल्याकडेही तसंच करता येईल. पहिल्या उशिराला आठवण, दुसऱ्याला बोलणं, आणि वारंवार झालं तर काही काळ नोंदणी, म्हणजे वस्तू आधीपासून राखून ठेवणं, बंद. हे नियम वरून पाठवू नका, विभागांच्या बैठकीत ठरू द्या.

मोजदाद वर्षाअखेरी एकदम केली की फरक सापडतो, कारण सापडत नाही. दर आठवड्याला थोड्या वस्तू मोजा. महाग आणि फार फिरणाऱ्या वस्तू जास्त वेळा मोजा, आणि ज्याच्या ताब्यात आहेत त्याच्याशिवाय दुसऱ्याने मोजा. दीर्घ सुट्टीआधी साध्या बॅटऱ्या काढून ठेवा, त्या पाझरतात. लिथियम-आयनच्या बॅटऱ्या साधारण अर्ध्या भरून थंड जागी ठेवा. सूक्ष्मदर्शकाच्या पेटीत सिलिका जेल हवं, नाहीतर दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते.

सुरुवात करायची तर सगळं एकदम नको. एकच प्रकार घ्या, समजा प्रोजेक्टर. त्यांची देवघेव काही महिने वेळेवर होऊ द्या. मग एक मुदत जाहीर करा: या काळात यादीबाहेरची जी वस्तू कोणी आणून देईल तिची नोंद होईल, आणि ती इतके दिवस कुठे होती हे कोणी विचारणार नाही. शिवाय जो आणून देईल त्याला त्या वस्तूच्या नोंदणीत पहिला हक्क मिळेल. तराजूवाल्या त्या बाईंना मी तेव्हा हे देऊ शकलो असतो, तर त्यांनीच कपाट उघडलं असतं.