कर्ता कोण? टोपीपासून ओटीपीपर्यंत

नमस्कार. (हातातली जाड फाईल कॅमेऱ्यासमोर धरत) ही बाबांची फाईल. ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट, मेडिक्लेमचे कागद. गेल्या वर्षी ती त्यांच्या कपाटातून माझ्या कपाटात आली. कुणी ठरवलं? कुणीच नाही. मी सत्तेचाळीस वर्षांची, ते अठ्ठ्याहत्तरचे, बस.

पूर्वी या बदलाला दिवस ठरलेला असायचा. वडील गेले की तेराव्याला सोयरे थोरल्या मुलाच्या डोक्यावर टोपी ठेवत, खांद्यावर टॉवेल टाकत. तिथून पुढे भाऊबंद त्याच्याकडे बघून बोलायला लागत. झाला कर्ता.

स्वातंत्र्याच्या सुमारास आपलं सरासरी आयुर्मान होतं जेमतेम ३२ वर्षं. अर्थात बालमृत्यू खूप, म्हणून आकडा इतका खाली. म्हातारी माणसं तेव्हाही होतीच. आज तो सत्तरीच्या घरात आहे. त्यामुळे चाळिशी-पन्नाशीत आई आणि वडील दोघंही हयात असणं, हे इतक्या घरांत पूर्वी नव्हतं. कर्तेपण मरणातून हातात यायचं. आता समोरचा माणूस रोज पेपर वाचत बसलेला असताना घ्यायचं!

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात म्हटलंय, सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातवंड दिसलं की अरण्याची वाट धरावी. म्हणजे खुर्ची सोडा हे तेव्हाही सांगावं लागत होतं तर.

आता आमच्याकडचं बघा. खातं बाबांचं, पैसे बाबांचे, ओटीपी त्यांच्या मोबाईलवर. आकडे टाकते मी. कर्ता कोण?

आणि मी तर मुलगी. टोपी माझ्या वाट्याला नव्हतीच. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि देशानं २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला. तरी हॉस्पिटलात रजा टाकून मी बसलेली असते आणि सही घ्यायला विचारतात, 'मुलगा कुठंय?'

असो. फाईल मी परत त्यांच्या कपाटात ठेवली. आई म्हणाली होती, "अगं, निदान विचारून तरी न्यायचीस." आता लागली की मागते. आज या व्हिडिओसाठी मागितली, तर बाबा दहा मिनिटं शोधत होते. चष्मा डोक्यावरच होता. देताना म्हणाले, "संध्याकाळपर्यंत परत पाहिजे."