वागणं एकच, कारणं निराळी : व्यक्तिमत्त्व विकार ओळखताना

नमस्कार मंडळी.

एक माणूस डोळ्यांसमोर आणा. नात्यातल्या किंवा कामाच्या ठिकाणच्या कुठल्याच समारंभाला तो जात नाही. पंधरा वर्षं हे असंच चालू आहे. का जात नसेल? तिथं जमलेली माणसं आपल्याविरुद्ध काहीतरी शिजवतायत, अशी त्याची खात्री असेल. किंवा माणसांची त्याला मुळात ओढच नसेल. किंवा जायची फार इच्छा असेल, पण ‘आपण बावळट दिसू, लोक हसतील’ या धास्तीनं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नसेल. किंवा हातातलं काम अजून मनासारखं झालं नाही म्हणून तो खुर्चीतून उठतच नसेल. ही चार कारणं चार वेगवेगळ्या व्यक्तिमत्त्व विकारांकडे नेऊ शकतात. पाचवी शक्यताही आहे. त्याला समारंभ आवडत नाहीत, एवढंच असेल. आणि तो विकार नव्हे.

म्हणून या विकारांचे प्रकार समजून घेताना ‘हा माणूस काय करतो’ यापेक्षा ‘तो ते कशासाठी करतो’ हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

आधी स्वभाव आणि विकार यांतली सीमा पाहू. हट्टी, लाजाळू, चिकट, तापट माणसं सगळीकडे असतात. विकार म्हणायला काही गोष्टी एकत्र दिसाव्या लागतात. विचारांची पद्धत, भावना, नातेसंबंध आणि आवेगांवरचा ताबा या चारपैकी निदान दोन ठिकाणी अडचण हवी. ती किशोरवयात किंवा ऐन तारुण्यात सुरू झालेली असावी, घरी, कामावर, मित्रांत अशी सगळीकडे दिसावी, आणि तिच्यामुळे त्या माणसाला त्रास व्हावा किंवा त्याचं जगणं अडावं. फक्त एका वरिष्ठाशीच खटके उडत असतील, तर तो त्या दोघांमधला प्रश्न आहे. आणि पन्नाशीपर्यंत शांत असलेला माणूस सहा महिन्यांत संशयी किंवा बेफिकीर झाला, तर आधी मेंदूकडे पाहायचं: डोक्याला मार, गाठ, पक्षाघात, स्मृतिभ्रंशाची सुरुवात, दारू किंवा इतर नशा. व्यक्तिमत्त्व विकार असा उतारवयात अचानक उगवत नाही.

अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या ‘डीएसएम’ या निदानपुस्तिकेत १९८० पासून हे विकार तीन गटांत मांडले जातात. २०१३च्या पाचव्या आवृत्तीत एकूण १० प्रकार आहेत.

पहिल्या गटातली माणसं इतरांना विक्षिप्त वाटतात. संशयी प्रकारात साध्या बोलण्यातही टोमणा ऐकू येतो, राग वर्षानुवर्षं धरला जातो, जोडीदारावर पुराव्याविना शंका घेतली जाते. अलिप्त प्रकारात, ज्याला स्किझॉइड म्हणतात, जवळीक नकोशीच असते. कौतुक झालं काय, टीका झाली काय, फारसा फरक पडत नाही. स्किझोटायपल प्रकारात विचित्र समजुती, तुटक बोलणं आणि ओळख वाढली तरी कमी न होणारी अस्वस्थता असते. हा प्रकार छिन्नमनस्कतेच्या, म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या, जवळचा आहे. जागतिक आरोग्य संघटना त्याची नोंद व्यक्तिमत्त्व विकारांत करतच नाही, छिन्नमनस्कतेच्या गटात करते.

तिसरा गट भित्र्या, चिंताग्रस्त माणसांचा. टाळणाऱ्या प्रकारात नकाराची भीती. परावलंबी प्रकारात एकटं पडण्याची भीती, इतकी की रोजचे बारीकसारीक निर्णयही दुसऱ्याच्या सल्ल्याशिवाय होत नाहीत आणि एक नातं तुटलं की घाईघाईनं दुसरा आधार शोधला जातो. अतिकाटेकोर प्रकारात नियम, याद्या आणि परिपूर्णतेपायी मूळ कामच राहून जातं. इथं एक गल्लत सतत होते. हा प्रकार म्हणजे मंत्रचळ (ओसीडी) नव्हे. मंत्रचळ झालेल्या माणसाला वारंवार हात धुण्याचा स्वतःलाच वैताग आलेला असतो. ‘हे विचार मला नको आहेत’ असं तो सहसा म्हणतो. अतिकाटेकोर माणसाला आपली पद्धत योग्यच वाटते, चुकतात ते इतर लोक. त्यामुळे पहिला स्वतः डॉक्टरकडे येतो आणि दुसऱ्याला बहुधा घरचे घेऊन येतात.

मधला गट मुद्दाम मागे ठेवला, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दल आहेत. यात समाजविघातक, नाट्यमय, आत्मप्रौढ आणि बॉर्डरलाइन हे चार प्रकार येतात. समाजविघातक प्रकाराचं निदान १८ वर्षांखाली करता येत नाही आणि १५ वर्षांच्या आतच गंभीर वर्तनसमस्या सुरू झाल्याचा पुरावा लागतो. एखादा गुन्हा केला म्हणून हे निदान होत नाही. नाट्यमय प्रकारात लक्ष आपल्यावर नसलं की बेचैनी येते. आत्मप्रौढ प्रकारात मोठेपणाची भाषा वरवर दिसते, पण खाली टीका अजिबात न सोसणारा फार नाजूक स्वाभिमान असू शकतो. आजकाल भांडण झालं की समोरच्याला ‘नार्सिसिस्ट’ म्हणून मोकळं होतात. हे थांबायला हवं. निदानाचा शब्द शिवीसारखा वापरला की ज्याला खरी मदत हवी आहे, तो दारापर्यंतही येत नाही.

बॉर्डरलाइन हे नाव १९३८मध्ये ॲडॉल्फ स्टर्न यांनी वापरलं, तेव्हा अर्थ होता ‘दोन प्रकारच्या आजारांच्या सीमेवरचे रुग्ण’. तो अर्थ आता उरलेला नाही, नाव मात्र चिकटलं. या विकाराची नऊ लक्षणं सांगितली आहेत: सोडून दिलं जाण्याची तीव्र भीती, टोकाची चढउतार असलेली नाती, स्वतःच्या ओळखीबद्दल गोंधळ, घातक उतावीळपणा, स्वतःला इजा करणं किंवा आत्महत्येचे प्रयत्न, झपाट्यानं पालटणाऱ्या भावना, आतली पोकळी, अनावर राग, आणि ताणाच्या वेळी संशय येणं किंवा आपण स्वतःपासून सुटल्यासारखं वाटणं. यांतली पाच असली की निदान होतं. आता हिशेब करा. नवातून पाच किंवा जास्त निवडण्याचे २५६ मार्ग आहेत, आणि हेच निदान झालेल्या दोघांमध्ये फक्त एकच लक्षण सामाईक असू शकतं! मग ‘बॉर्डरलाइन माणसं अशीच असतात’ या वाक्याला काय अर्थ राहतो?

बायपोलर आजाराशी, म्हणजे ज्यात उन्मादाच्या आणि नैराश्याच्या अवस्था येतात त्या आजाराशी, याची गफलत होते. वेगळेपण ओळखायला घड्याळ आणि कॅलेंडर उपयोगी पडतं. बॉर्डरलाइनमध्ये मनःस्थिती सहसा काही तासांत पालटते आणि मागे बहुधा कुणाचं तरी बोलणं, न आलेला फोन, नाकारलं गेल्याची भावना असते. उन्मादाची अवस्था मात्र सलग आठवडाभर आणि सौम्य उन्मादाची निदान चार दिवस टिकते; झोप कमी होऊनही थकवा येत नाही. दोन्ही आजार एकाच व्यक्तीला असू शकतात, हेही विसरून चालणार नाही.

प्रकारांच्या या सरमिसळीमुळेच जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, म्हणजे १ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या, जुने कप्पे जवळपास काढून टाकले. आता आधी तीव्रता ठरवायची: सौम्य, मध्यम की तीव्र. मग ठळक स्वभावगुण नोंदवायचे: नकारात्मक भावनांचा जोर, अलिप्तपणा, दुसऱ्याची पर्वा नसणं, आवेगांवर लगाम नसणं आणि अतिकाटेकोरपणा. बॉर्डरलाइनची नोंद तेवढी जोडीला ठेवली आहे. माझ्या मते हा बदल योग्य दिशेचा आहे, कारण उपचार किती आणि किती काळ लागतील हे प्रकाराच्या नावापेक्षा तीव्रतेवरून जास्त नीट कळतं.

निदान चुकतं कुठे? नैराश्य ऐन भरात असताना कुणीही परावलंबी किंवा टाळाटाळ करणारा वाटू शकतो. म्हणून नैराश्य, चिंता, नशा यांवर उपचार करून मग पुन्हा पाहावं. फक्त रागावलेल्या जोडीदाराच्या सांगण्यावरून निदान करू नये. इंटरनेटवरची प्रश्नावली हे निदान नव्हे. विचारपूर्वक निदानाला बऱ्याचदा एकापेक्षा जास्त भेटी लागतात.

उपचारांचा कणा औषधं नाहीत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २००९च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की निव्वळ बॉर्डरलाइन विकारासाठी औषध वापरू नये. सोबत दुसरा आजार असेल तर त्याच्यासाठी ते द्यावं. इथं नेहमी काय बिघडतं, तर प्रत्येक संकटाला एक गोळी वाढत जाते आणि जुनी कुणी बंद करत नाही. मुख्य काम बोलण्यातून होतं. बॉर्डरलाइनसाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी विकसित केलेल्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या पद्धतीत आठवड्याला एक वैयक्तिक भेट, एक कौशल्यवर्ग आणि गरजेच्या वेळी फोनवर मार्गदर्शन असतं. हा क्रम साधारण वर्षभर चालतो. वर्तमानात लक्ष ठेवणं, संकट न चिघळवता सोसणं, भावना आवरणं आणि नात्यात आपलं म्हणणं नीट मांडणं, ही चार कौशल्यं शिकवली जातात. याशिवाय स्कीमा थेरपी (लहानपणापासून रुजलेल्या समजुतींवर काम) आणि मेंटलायझेशनवर, म्हणजे स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखण्यावर, आधारित उपचारही आहेत. बॉर्डरलाइन विकार कधीच बरा होत नाही, ही समजूत खोटी आहे: दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत १० वर्षांनंतर बहुसंख्य रुग्ण निदानाच्या निकषांत बसत नव्हते. उतावीळपणा लवकर ओसरतो. नोकरी आणि नाती सावरायला जास्त वेळ लागतो, आणि मदत तिथंच तोकडी पडते.

घरच्यांनी काय करावं? भडकलेल्या क्षणी वाद जिंकायला जाऊ नये. ‘तुला एकटं वाटतंय, हे मला कळतंय’ असं म्हणणं म्हणजे त्याचं वागणं बरोबर ठरवणं नव्हे. सीमा आखायची तर ती शांत वेळी, मोजक्या शब्दांत आखा आणि रोज बदलू नका. आज रागावून जे नाकारलं ते उद्या घाबरून दिलं, तर तोच खेळ वाढतो. आत्महत्येचं बोलणं ‘लक्ष वेधण्यासाठी आहे’ म्हणून कधीही झटकू नका. थेट विचारा, जवळची घातक साधनं दूर करा, त्या व्यक्तीला एकटं सोडू नका आणि धोका तातडीचा वाटला तर रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात घेऊन जा.

पहिल्या भेटीला जाताना एक कागद तयार ठेवा. ‘हा लहानपणापासून असाच आहे’ हे वाक्य डॉक्टरांना पुरत नाही. शाळेत मित्र होते का, पहिली नोकरी कशामुळे सुटली, कोणत्या वयात काय बदललं, स्वतःला इजा केली तर कधी आणि त्याआधीच्या दिवशी काय घडलं, कोणती औषधं किती दिवस घेतली, नशा किती, हे वयानिशी लिहा. आणि ज्या वर्षी सगळं बरं चाललं होतं, ते वर्षही लिहा. त्या वर्षी सोबत कोण होतं आणि काम कोणतं होतं, ते उपचार ठरवताना विचारलं जाईल.