देव कुणाकडे निघालाय?

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘सणांसाठी प्रवास : कधी, कुठे आणि कसा’. विषय चांगला आहे, फक्त तो मी दिलेला नाही. मी दिलेलं शीर्षक होतं ‘देव कुणाकडे निघालाय?’ कार्यवाहांना ते कीर्तनाचं वाटलं असावं. असो. कधी, कुठे, कसा हे शेवटी सांगतो. वही-पेन घेऊन बसलेल्यांनी तोवर धीर धरावा.

कोल्हापुरात माझा मुद्दा मांडणं सोपं आहे, कारण तुम्हाला टेंबलाई ठाऊक आहे. कोल्हासुराला मारल्यावर अंबाबाईनं विजयाचा सोहळा केला आणि त्र्यंबोलीला, म्हणजेच टेंबलाईला, बोलवायचं राहून गेलं. ती रुसली आणि टेकडीवर जाऊन बसली. मग तिची समजूत काढायला दरवर्षी ललितापंचमीला अंबाबाईची पालखी टेकडीवर जाते, कोहळा फुटतो आणि त्याच्या फोडीसाठी झुंबड उडते. पुढच्या रांगेतले काका हसतायत, त्यांच्या हाताला नक्की कधीतरी फोड लागलेली आहे. आता बाहेरगावचा पाहुणा बघा. तो नवरात्रात येतो, दर्शनाच्या रांगेत पाय मोडून घेतो, दसरा चौकात सोनं लुटताना फोटो काढतो आणि परत जातो. पंचमीची ही रुसवाफुगवी त्याच्या गावीही नसते.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याकडचे कितीतरी मोठे उत्सव म्हणजे देवानं नातेवाइकांकडे जाणं असतं. कोण कुणाकडे निघालंय, सोबत कुणाला नेलं, कुणाला सांगायचं राहिलं, हे आधी विचारावं. ते कळलं की आपण कोणत्या दिवशी कुठं उभं राहायचं ते आपोआप कळतं. नाहीतर आपला म्हैसूर होतो.

म्हैसूरचं सांगतो, बरेच दिवस मनात आहे. एका प्रवासी कंपनीबरोबर आम्ही दोघं गेलो होतो. कंपनीचं नाव घेत नाही, त्यांचे गिऱ्हाईक या सभागृहातही असतील. माहितीपत्रकावर ‘शाही दसरा, सोबत उटी’ असं होतं. दसऱ्याच्या दिवशी रस्ते बंद होतात म्हणून आम्हाला सकाळीच खुर्च्यांवर नेऊन बसवलं. मिरवणूक दुपारची. ऊन डोक्यावर. पाण्याची बाटली गाडीत, आणि गाडी दोन मैलांवर. मग चित्ररथ सुरू झाले. एकामागून एक जिल्हे आले, सरकारी खाती आली. हिच्या शेजारच्या बाई प्रत्येक चित्ररथाला नमस्कार करत होत्या, न जाणो देवी यातच असली तर! अखेर सोन्याची अंबारी आली. साडेसातशे किलो वजन पाठीवर घेतलेला हत्ती, आत चामुंडेश्वरी. नेमका तेव्हाच पुढचा गृहस्थ उभा राहिला आणि त्यानं टॅब डोक्यावर धरला. मी म्हैसूरची अंबारी त्या टॅबच्या पडद्यावर पाहिली. घरी टीव्हीवर याहून मोठी दिसली असती. आणि डोळे भरायच्या आत आमचा मार्गदर्शक ओरडला, “चला, चला, जेवण गार होतंय!” जेवणात काय, तर मटार-पनीर. म्हैसुरात!

खरी मेख पुढे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या गाड्यावरचा माणूस मला म्हणाला, “काल आलात? आम्ही तर महिनाभर बघतोय.” दसऱ्याचे हत्ती कित्येक आठवडे आधी जंगलातल्या छावण्यांतून शहरात येतात. त्यांना गर्दीची आणि वजनाची सवय व्हावी म्हणून पाठीवर वाळूची पोती लादून राजवाडा ते बन्नीमंटप या मिरवणुकीच्याच रस्त्यानं रोज फिरवतात. तिकीट नाही, खुर्ची नाही, टॅब नाही. पोरं शाळेत जाता जाता हत्तींना नावानं हाका मारतात. हे माहितीपत्रकात का नव्हतं? कारण रिकाम्या फुटपाथचं तिकीट लावता येत नाही. माझा राग कंपनीवर कमी आणि ‘मुख्य दिवस’ या कल्पनेवर जास्त आहे. लग्नाला जाऊन फक्त मंगलाष्टकं ऐकली तर दोन घरांत काय चाललंय ते कळेल का?

तर आता नात्यांकडे येऊ. पुरी. रथयात्रा आषाढ शुद्ध द्वितीयेला. तीन रथ, जगन्नाथाच्या नंदिघोषाला सोळा चाकं, आणि सारी दुनिया त्या दिवशी पुरीत. पण घरातली गोष्ट अशी की हा गृहस्थ थोरला भाऊ बलभद्र आणि बहीण सुभद्रा यांना घेऊन तीन किलोमीटरवरच्या गुंडिचा मंदिरात राहायला गेला. लोक त्याला मावशीचं घर म्हणतात. आणि बायकोला मागेच ठेवलं! भगिनीवर्गाला पुढचं सांगायला नको. पंचमीला, तिकडे तिला हेरा पंचमी म्हणतात, लक्ष्मी पालखीत बसून थेट गुंडिचाला जाते. जगन्नाथाचे सेवक दार लावून घेतात. मग तिचे सेवक चिडून नंदिघोषाच्या लाकडाचा एक तुकडा मोडतात, आणि ती दुसऱ्या गल्लीनं गुपचूप घरी येते. तुमचीही पंचमी, त्यांचीही पंचमी. रुसायला ही तिथी चांगली दिसते.

पुढे दशमीला परतीची यात्रा. वाटेत मावशीच्याच नावाच्या देवळापाशी रथ थांबतो आणि पोडपिठा, म्हणजे तांदळाचा भाजलेला गोड पदार्थ, खाऊन पुढे निघतो. एकादशीला देव रथावरच सोन्याचे दागिने घालतात. ही आपलीच आषाढी, म्हणजे पंढरपुरात चंद्रभागेला गर्दी असते त्याच दिवशी. आणि त्रयोदशीला खरी मजा. भाऊ-बहीण आत जातात, आणि नवऱ्याच्या तोंडावर लक्ष्मी दार बंद करते. दोन्ही बाजूंचे सेवक तिथं चक्क भांडतात, ठरलेले संवाद आहेत. शेवटी रसगुल्ला देऊन प्रकरण मिटतं. बंगालला रसगुल्ल्याचं भौगोलिक मानांकन २०१७ साली मिळालं, ओडिशाला २०१९ साली. ते भांडण मात्र अजून मिटलेलं नाही, तिथं दार कुणी लावलंय कोण जाणे. मला विचाराल तर पुरीला द्वितीयेला जाऊच नका. पंचमीला जा, नाहीतर त्रयोदशीला.

मदुराईला भाऊ आहे. मीनाक्षीचं लग्न सुंदरेश्वराशी, म्हणजे शिवाशी, आणि भाऊ अळगर, म्हणजे विष्णू, वीस-एकवीस किलोमीटरवरच्या अळगर कोविलहून लग्नाला निघतो. वाटेत जागोजागी मंडप, प्रत्येक ठिकाणी थांबणं. व्हायचं तेच होतं, लग्न उरकलेलं असतं. तो वैगई नदीत उतरतो, तिथं त्याला कळतं, आणि तो गावात पाऊलही न टाकता रागानं दुसरीकडे वळतो. दरवर्षी. दरवर्षी उशीर! शैवांचा आणि वैष्णवांचा असे हे दोन वेगळे उत्सव सतराव्या शतकात तिरुमलै नायक राजानं जुळवले असं सांगतात. राजा हुशार, पण भावाला वेळेवर पोचवणं त्यालाही जमलं नाही, किंवा त्यानं मुद्दाम केलं नाही. सगळे वेळेवर आले तर उत्सव कसला! नदीत उतरताना अळगर कोणत्या रंगाचं रेशीम नेसलाय याकडे लाखो लोकांचे डोळे असतात. हिरवं असलं की पीकपाणी चांगलं. आदल्या दिवशी मदुराईकर त्याला वेशीपाशी सामोरे जातात, तो दिवस चुकवू नका. लग्नात पाहुण्यांना सामोरं जाण्याचं आपल्याला वेगळं शिकवायला नको…

अध्यक्षांची चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे. विषयावर या.’ विषयावरच आहे साहेब, पण बरं, भराभर घेतो.

कोलकाता. दुर्गा मुलाबाळांना घेऊन माहेरी येते, म्हणजे आपल्या गौरी. युनेस्कोनं २०२१ साली त्या उत्सवाची नोंद घेतल्यापासून सगळे मांडव बघत सुटतात. तुम्ही दशमीला एखाद्या जुन्या घरच्या पूजेला जा. सासरी परत निघालेल्या मुलीला काही घरांत पांता भात, म्हणजे पाण्यात भिजवलेला शिळा भात, आणि अळूची भाजी वाढतात. आपण गौरीला आल्या दिवशी शेपूची भाजी नि भाकरी देतो. दोन्हीकडे पोरीला घरचं साधं.

त्रिशूर. पूरम उत्सवाच्या दिवशी हत्तींवरच्या छत्र्यांची अदलाबदल आणि पहाटेची आतषबाजी बघाच, पण परतीचं तिकीट त्या दिवशीचं काढू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी परमेक्कावू आणि तिरुवंबाडीच्या देवी वडक्कुन्नाथन देवळासमोर एकमेकींचा निरोप घेतात. तो दिवस गावकऱ्यांचा.

कुल्लू. आपला दसरा संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो, पुढं सात दिवस. रावण जाळत नाहीत. खोऱ्यातले शेकडो देव रघुनाथाला भेटायला येतात. मनालीची हिडिंबा राजघराण्याची आजी, ती आल्याशिवाय सुरुवात नाही.

आता ‘कधी’. आपलं पंचांग घेऊन तामिळनाडू-केरळची तिकिटं काढू नका, तिथं महिने सूर्यावर चालतात. अळगर वैगईत उतरला तो दिवस २०२४ साली आपल्या हनुमान जयंतीचा होता, २३ एप्रिल. २०२५ साली बुद्धपौर्णिमेचा, १२ मे. उत्तरेत वद्य पक्षात महिन्याचं नाव पुढचं असतं. आपली श्रावण वद्य अष्टमी मथुरेत भाद्रपदाची, दिवस मात्र तोच. देवदिवाळीचे दिवे बघायला काशीला जायचं तर दिवाळीत नव्हे, कार्तिक पौर्णिमेला. आणि रंगपंचमी आपल्यासारखी कुणी खेळत असेल तर इंदूर. होळकरांचं गाव, राजवाड्यापाशी गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते.

‘कसा’. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस नाही. तिथी मोजा, त्यातून साठ दिवस मागं जा आणि त्या सकाळी आठ वाजता संगणकापुढं बसा. राहायला उत्सवाच्या वाटेवरचं घर मिळालं तर उत्तम. खुर्चीचं तिकीट घेऊ नका.

मागून कुणीतरी विचारतंय, पुरीच्या त्रयोदशीला रसगुल्ला सगळ्यांना मिळतो का? देवळात लक्ष्मीला, आणि बाहेर मिठाईच्या दुकानात पैसे देऊन तुम्हाला.