पृष्ठ 214

नमस्कार श्रोतेहो. शोधनिबंध लिहायला बसलेल्या मुलामुलींना पुष्कळदा निबंधाआधीच एक काम लावलं जातं, सटीप संदर्भसूचीचं. साधी संदर्भसूची तुम्हाला ठाऊक आहेच. सटीप सूचीत प्रत्येक नोंदीखाली एक परिच्छेद येतो, साधारण 100 ते 200 शब्दांचा. लेखकाचं म्हणणं काय, त्याला आधार कशाचा आणि माझ्या निबंधात त्याचा उपयोग कुठे, एवढं त्यात हवं. म्हणणं, आधार, उपयोग. पुन्हा सांगतो, म्हणणं, आधार, उपयोग. कल्पना काही नवी नाही. 1545 साली कोनराड गेस्नर या स्विस विद्वानानं लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू ग्रंथांची प्रचंड सूची छापली, तेव्हा नुसती नावं न देता जागोजाग शेरेही मारून ठेवले.

आता माझी गोष्ट. खरं तर तीच सांगायला आलोय.

पदवीच्या शेवटच्या वर्षी मी बारा नोंदींची सूची केली. सातव्या नोंदीखाली ऐटीत लिहिलं, ‘या बृहद्ग्रंथात लेखकाने ठामपणे प्रतिपादन केले आहे की...’ आणि कंसात पृष्ठ 214. ग्रंथ मी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. तीन वेगवेगळ्या लेखांत ते वाक्य सापडलं होतं आणि तिन्हीकडे पृष्ठ 214. तिघं सांगतायत म्हटल्यावर शंका कशाला घ्यायची?

बाईंनी सूची वाचली. काही बोलल्या नाहीत. उठल्या, कपाटातून एक करंगळीएवढं पुस्तक काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. “हा तुझा बृहद्ग्रंथ. काढ 214.”

मी पानं उलटू लागलो. 180. 190. 196. पुढे मलपृष्ठ!

“आता पहिल्या पानापासून वाच,” बाई म्हणाल्या.

दोन दिवस वाचलं. वाक्य निघालं पृष्ठ 124 वर. कुणीतरी एकानं आकडे उलटसुलट केले असणार आणि बाकीच्यांनी ते इमानेइतबारे उतरवले. पण खरी गंमत पुढेच. वाक्याच्या आधी लिहिलं होतं, ‘आमचे विरोधक म्हणतात’. आणि पान उलटलं की लेखकानं त्याच मताचा यथेच्छ समाचार घेतलेला! बिचाऱ्यानं जे खोडून काढलं, तेच आम्ही चौघांनी त्याच्या तोंडी घातलं होतं. मग मी टीप नव्यानं लिहिली, ही सगळी भानगड नमूद करून. बाईंनी पेन्सिलीनं समासात दोनच शब्द लिहिले, ‘ही टीप.’ (पेन्सिलीनंच हं. पिवळ्या हायलायटरनं अख्खं पान माखणाऱ्यांच्या हाती मी माझं पुस्तक देत नाही.)

तर, टीप लिहायची ती पुस्तक समोर उघडं ठेवून. समोर उघडं ठेवून, मित्रांनो. गोषवाऱ्यावरून नाही, दुसऱ्याच्या लेखावरून नाही. मूळ पुस्तक मिळालंच नाही, तर अवतरण अमुक लेखातून घेतलं असं सरळ लिहा, त्यात कमीपणा नाही. नियतकालिकातला लेख घेतलात तर तो नंतर मागे घेतला गेलाय का, तेवढं बघा. मागे घेतलेले लेखही वर्षानुवर्षं उद्धृत होत राहतात. नोंदीची मांडणी एपीए पद्धतीची की एमएलएची, ते मार्गदर्शकांना आधीच विचारून घ्या. झोटेरोसारखं सॉफ्टवेअर ती लावून देतं, फक्त नावं आणि वर्षं एकदा नजरेखालून घाला. आणि स्वल्पविराम चुकला म्हणून गुण कापणाऱ्या परीक्षकांनी एकदा टीपाही वाचून बघाव्यात, असं माझं जुनं गाऱ्हाणं आहे. असो.

काचेपलीकडून घड्याळ दाखवतायत. त्या पुस्तकाचं नाव काय, असं विचाराल, तर ते सांगणार नाही. त्या तीन लेखकांपैकी एकजण अजून मला भेटतात आणि फार प्रेमानं वागवतात. नमस्कार.