नक्षी शाबूत, तरी टायर बाद? बाइकचे टायर नक्की कधी बदलायचे

नमस्कार. आधी हा टायर बघा.

(टायर कॅमेऱ्याजवळ)

मोटरसायकलचा पुढचा टायर आहे. खाचा चांगल्या खोल आहेत, कुठे कट नाही, फुगवटा नाही. बहुतेक जण म्हणतील, अजून बराच चालेल. मी मात्र हा कुणाच्याही गाडीवर चढवू देणार नाही. आज एवढंच सांगायचं आहे की टायर किती झिजला आणि टायर किती जुना झाला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण सहसा पहिलाच विचारतो. खाली वाकतो, नक्षी बघतो आणि निर्धास्त होतो.

तर वय कसं काढायचं? टायरच्या बाजूवर डी-ओ-टी ही अक्षरं शोधा. त्यांच्यापुढे अक्षरं आणि आकडे मिळून एक लांब नंबर असतो. त्यातले शेवटचे चार आकडे आपल्या कामाचे. या टायरवर आहे ३२१६. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. हा टायर २०१६ च्या बत्तिसाव्या आठवड्यात, म्हणजे ऑगस्टमध्ये तयार झाला. चारऐवजी तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० च्या आधीचा आहे. तिथे पुढे काही तपासत बसू नका, काढून टाका.

हा पूर्ण नंबर बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो, आणि नेमकी ती बाजू साखळीकडे किंवा डिस्ककडे येते. गाडी मेन स्टँडवर घ्या, चाक हाताने हळूहळू फिरवा आणि टॉर्चचा उजेड तिरका मारा. समोरून उजेड मारला तर काळ्यावर काळं उठून दिसत नाही. अक्षरांवर खडू घासला की लगेच वाचता येतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. गाडी उभी असतानाही रबर म्हातारं का होतं?

रबरात गंधक घालून ते उष्णतेने पक्कं करतात. चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये सापडलेली ही पद्धत आजही प्रत्येक टायरच्या मुळाशी आहे. गंधकामुळे रबराच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. पण हे बांधणं कारखान्यात कायमचं थांबत नाही. हवेतला ऑक्सिजन आणि उष्णता मिळून वर्षानुवर्षं आणखी गाठी मारत राहतात, आणि रबर मऊ ठेवणारी तेलं हळूहळू निघून जातात. परिणाम एकच, रबर कडक होतं. याच्या जोडीला हवेतला ओझोन असतो. तो ताणलेल्या रबराच्या साखळ्या तोडतो, आणि तिथेच बारीक चिरा पडतात. वेल्डिंग चालतं तिथे ओझोन तयार होतो, त्यामुळे अशा जागेजवळ गाडी रोज उभी करायची सवय असेल तर ती मोडा.

टायर बनवणाऱ्यांना हे माहीत असतं. म्हणून ते रबरातच मेण आणि ओझोनला अडवणारी रसायनं मिसळतात. टायर फिरताना दाबला जातो, सुटतो, पुन्हा दाबला जातो. त्या हालचालीने ही रसायनं पृष्ठभागावर येतात आणि वर पातळ थर धरतात. टायरच्या बाजूला कधी कधी तपकिरी झाक दिसते ना, ती बऱ्याचदा यांचीच असते. तो मळ नाही, घासून काढू नका. गाडी चालती राहिली की हा थर नवा होत राहतो. महिनोन्महिने उभी राहिली की नवा थर येत नाही. म्हणूनच ‘गाडी फार चालवलीच नाही, टायर नवेच आहेत’ या बोलण्यावर जुनी गाडी घेताना अजिबात विसंबू नका. न चालवलेल्या गाडीचे टायर आधी तपासा.

कडक रबराने बिघडतं काय? रस्ता जवळून बघितला तर तो खरखरीत असतो. मऊ रबर त्या बारीक उंचवट्यांत दबून बसतं, आणि पकड तिथून येते. खाचांचं काम मुख्यतः पाणी बाजूला काढण्याचं. म्हणजे खाचा खोल पण रबर कडक असेल, तर पाणी बाहेर जाईल, मात्र उरलेल्या ओल्या रस्त्याला टायर धरणार नाही. कोरड्या रस्त्यावर सरळ जाताना हे कळतही नाही. कळतं ते पावसात, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर, आणि अचानक ब्रेक मारल्यावर.

यातला सगळ्यात मोठा धोका पुढच्या टायरला आहे, म्हणून मी मुद्दाम पुढचाच टायर आणला. इंजिनाची ताकद मागच्या चाकाला जाते, त्यामुळे मागचा टायर लवकर झिजतो आणि वेळेवर बदलला जातो. पुढच्याची नक्षी टिकते, म्हणून तो तसाच राहतो. पण जोरात ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं आणि थांबवण्याचा बराचसा भार पुढच्याच टायरवर पडतो. मागचं चाक थोडं सरकलं तर सावरायला क्षणभर मिळतो. वळणात पुढचं सुटलं तर तेवढाही मिळत नाही. मागचा टायर बदलाल तेव्हा पुढच्याची तारीख वाचल्याशिवाय दुकानातून निघू नका.

मग वर्षं किती धरायची? मिशेलिनसारख्या कंपन्या सांगतात की वापरात पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्या, आणि तयार झाल्यापासून दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, बदला. माझं स्पष्ट मत असं की दहा ही शेवटची हद्द आहे, तिथवर ताणायचं नसतं. दुचाकी झुकते आणि तिला आधार दोनच टायरचा. त्यामुळे पाच वर्षांनंतर टायरकडे संशयाने बघा, आणि सहा-सात वर्षांच्या आसपास चिरा नसल्या तरी बदलायची तयारी करा. गाडी रोज कडक उन्हात उभी राहत असेल किंवा हवा कमी ठेवून चालवली जात असेल तर आणखी आधी. कमी हवेत टायर जास्त वाकतो, तापतो, आणि उष्णतेने हे सगळं वेगाने घडतं.

(टायर तिरका धरून)

आता चिरा कुठे बघायच्या ते दाखवतो. वरून बघाल तर काहीच दिसत नाही. खाचेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून खाच अशी फाकवा. तळाशी बारीक रेषा उघडल्या, दिसल्या? तळाशी रबर पातळ असतं आणि प्रत्येक फेऱ्यात ताणलं जातं, म्हणून चिरा बऱ्याचदा तिथून सुरू होतात. तसंच रिमला लागून असलेली कडही बघा. नख रुतवून रबर मऊ आहे की कडक हे ठरवू नका. उन्हात तापलेलं जुनं रबरही नखाला मऊच लागतं. आणि टायर चमकवणारं पॉलिश लावू नका. त्याने चिरा झाकल्या जातात, आणि जमिनीला टेकणाऱ्या भागावर ते लागलं तर टायर घसरतो.

झीज तपासणं सोपं आहे. खाचेच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात, त्यांची जागा टायरच्या कडेवर टी-डब्ल्यू-आय या अक्षरांनी किंवा बाणाने दाखवलेली असते. आजूबाजूची नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. बऱ्याच बाइकच्या टायरमध्ये ही उंची जेमतेम ०.८ मि.मी. असते, म्हणून मी तिथवर थांबत नाही, पावसाळ्याच्या तोंडावर तर नाहीच. मागचा टायर मधोमध सपाट झाला असेल तर वळणात गाडी आधी झुकायला तयार होत नाही आणि मग एकदम पडल्यासारखी झुकते. असा टायरही बदलायचाच. बाजूला फुगवटा आला असेल किंवा आतले धागे दिसत असतील, तर तारीख वगैरे बघत बसू नका, ती गाडी चालवूच नका.

नवा टायर बसवण्याआधी त्याचीही तारीख वाचा, कारण दुकानात पडून राहिलेल्या टायरचंही वय वाढतच असतं. फिरण्याच्या दिशेचा बाण बरोबर आहे ना बघा. ट्यूबलेस असेल तर रबरी वॉल्व्हही नवा घालून घ्या, त्याचं रबरही तितकंच जुनं झालेलं असतं. पहिले दीडशे किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका, फार झुकवू नका, नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, हवा पुन्हा एकदा मोजा. कड नीट बसली नसेल किंवा वॉल्व्हमधून हवा जात असेल तर ते तेव्हाच कळेल.