एक चिकित्सक अभ्यास

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या जून महिन्यातली गोष्ट. कॉलेजात प्रवेशाची झुंबड होती. त्या गर्दीतून वाट काढत एक मुलगी आणि तिचे वडील आमच्या अर्थशास्त्र विभागात आले. मुलगी आमचीच, एम.ए.ला पहिल्या वर्गात आलेली. वडिलांच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला; चाळीस किलोमीटर मोटारसायकलवर आले होते दोघं. मुलीनं पिशवीतून फाइल काढली आणि म्हणाली, "मॅडम, मला पीएचडी करायचीय. तुमच्याकडं." वडील खुर्चीच्या कडेवर बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, हे केल्यावर पुढं काय?"

इतकी वर्षं मी संशोधनाच्या बैठकांना बसतेय, पण एवढा सरळ प्रश्न कुठल्या समितीत ऐकलेला मला आठवत नाही.

"प्राध्यापक होईल की," असं मी म्हणू शकले असते. म्हटलं नाही, कारण या एका वाक्यावर विसंबून बसलेली मुलं मी पाहिलीत. २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं नियम केला, की १ जुलै २०२१ पासून विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडी लागेल. मुलं धावली, नोंदणी केली. मग करोना आला, तारीख २०२३ वर गेली. आणि २०२३ उजाडल्यावर ऐन तोंडावर नियम बदलला: नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पुरे, पीएचडी असली तर असली. आता ज्यांनी मधली तीन-चार वर्षं घातली होती त्यांनी कुणाकडं बघायचं? नोकरीत कायम असलेल्यांचं गणित वेगळं. त्यांना सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर पीएचडीवाचून गाडी पुढं जात नाही. पण जो अजून फाटकाबाहेर उभा आहे, त्याच्यासाठी फाटक उघडेलच याची हमी ही पदवी देत नाही. नावामागं डॉक्टर लावून तासिका तत्त्वावर दोन-दोन कॉलेजांत पळणारी, मार्च संपला की बिल निघायची वाट बघणारी माणसं तुमच्याही ओळखीत असतील.

हे सगळं मी त्या वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "मग किती वर्षं?"

कागदावर कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा. पुन्हा नोंदणी करून आठपर्यंत ओढता येतात, बायकांना आणखी दोन, म्हणजे दहा. मला स्वतःला सात लागली. माझा विषय आठवडी बाजार. चार तालुक्यांतले बाजार मी फिरले, लिंबाखाली वही घेऊन बसून कोण काय घेऊन येतं, काय परत नेतं ते मोजलं. वांगी विकणारी एक बाई मला दर बुधवारी विचारायची, "ताई, तुमचं झालं का मोजून?" ती दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. उरलेल्या पाचांचं मात्र असं म्हणवत नाही. त्यातले आठ महिने तर माझं एक प्रकरण मार्गदर्शकांच्या कपाटात तसंच पडून होतं. मी विचारायला जायची, ते चहा पाजायचे आणि पुढच्या आठवड्याचं नाव काढायचे. माझा पगार सुरू होता म्हणून मी टिकले, हे स्वच्छ सांगते. पगार नसता तर त्या आठ महिन्यांत मी सोडून दिलं असतं.

म्हणून मी मुलांना आधी पैशांचं विचारते. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधन करताना दरमहा मिळणारी अधिछात्रवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० आहेत, खोलीभाडं वेगळं. त्यात माणूस घरच्यांवर ओझं न होता राहू शकतो. ती नाही मिळाली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. पण तिथं जागा मोजक्या, आणि जाहिरात कधी निघेल ते आपल्या हातात नाही. यातलं काहीच नसेल, नोकरीही नसेल, तर मी "थांब" म्हणते. मुलं रुसतात. रुसू देत. नोकरी असेल तर अर्धवेळ पीएचडीची सोय नियमात आहे, मात्र संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं.

दुसरी गोष्ट मार्गदर्शकाची. आपल्याकडं लग्न ठरवताना दहा ठिकाणी चौकशी करतात आणि मार्गदर्शक मात्र जागा रिकामी आहे म्हणून धरतात. शोधगंगा नावाचं संकेतस्थळ आहे, देशभरातले प्रबंध तिथं फुकट वाचायला मिळतात. आपल्या होऊ घातलेल्या मार्गदर्शकांच्या हाताखालचे चार प्रबंध उघडा. प्रकरणं नंतर वाचा, आधी ऋणनिर्देश वाचा. तिथं माणसं खरं बोलून जातात. कुणाचे किती उन्हाळे गेले, कुणी दागिने मोडले, सगळं दिसतं. मग त्यातल्या एकाला फोन लावा.

आणि पानांच्या जाडीला घाबरू नका. आमच्याकडं प्रबंध साडेतीनशे पानांच्या खाली गेला तर तो हलका समजतात. जीवरसायनशास्त्रज्ञ कमलाबाई सोहोनींना बंगळूरच्या विज्ञान संस्थेत बाई म्हणून आधी नकार मिळाला होता. त्या हटल्या नाहीत, प्रवेश घेतलाच. पुढं केंब्रिजला गेल्या, बटाट्यावर काम करता करता वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे श्वसनाला लागणारं प्रथिन असतं हे दाखवलं, आणि १९३९ मध्ये पीएचडी झाल्या. प्रबंध होता चाळीस पानांचा.

पुन्हा त्या मुलीकडं येते. वडील पाणी प्यायला बाहेर गेले तेव्हा मी तिला विचारलं, "खरं सांग, का करायचीय?" ती जरा थांबली. म्हणाली, "मॅडम, शिकतेय म्हटलं की स्थळं दोन वर्षं थांबतात."

हे कारण ऐकून काही सहकारी हसतील. मला हसू येत नाही. गावातल्या मुलीला स्वतःच्या नावावर चार वर्षं मिळणं ही लहान गोष्ट नाही, आणि अशा आडोशाला आलेल्या काही मुलींनी पुढं उत्तम काम केलेलं मी पाहिलंय. आयोगालाही हे ठाऊक असावं. लग्नामुळं मुलगी दुसऱ्या गावी गेली तर तिचं संशोधन तिकडच्या विद्यापीठात नेता येतं, असं नियमातच लिहिलंय. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. फक्त एक आहे. आडोसा दोन वर्षं पुरतो, काम त्याहून जास्त चालतं. तिसऱ्या वर्षी टेबलाशी बसवणारं दुसरं काहीतरी लागतं.

ते तिच्या फाइलीत नव्हतं. फाइलीत होतं: "ग्रामीण महिलांच्या सक्षमीकरणात बचत गटांची भूमिका : एक चिकित्सक अभ्यास". या शीर्षकाचे प्रबंध रचून ठेवले तर आमच्या ग्रंथालयाचा जिना होईल. मी म्हटलं, "हे ठेव बाजूला. तुला काय कळत नाही ते एका ओळीत लिही. शेवटी प्रश्नचिन्ह आलं पाहिजे. पंधरा दिवसांनी ये. आणि जेआरएफचा फॉर्म भर." वडिलांना सांगितलं, "मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही." ते म्हणाले, "बरंय. पाऊस पडायच्या आत निघतो."

पंधरा दिवसांनी ती एकटी आली, एस.टी.नं. वहीचं पान पुढं केलं. तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलेलं: "बचत गटाचं कर्ज जिच्या नावावर असतं तीच ते फेडते, की घरातलं दुसरं कुणी?"

मी विचारलं, "हे कुठं दिसलं तुला?"

ती म्हणाली, "आमच्याच घरी, मॅडम. आईच्या नावावर आहे. मोटारसायकल त्याच पैशातली."