पुडक्यावरचं हिरवं पान

मंडळी, ही अर्ध्या किलोची गुळाची ढेप येताना लातुरातल्याच एका दुकानातून घेतली. खाकी कागद, वर हिरवं पान, खाली ‘नैसर्गिक, पर्यावरणस्नेही’. आता कोपरा फाडतो. बघा, कागद टरकन फाटला. आतलं चकचकीत प्लास्टिक मात्र नुसतं ताणलं जातंय. असा चिकटलेला कागद रद्दीवालाही घेत नाही. मग स्नेही नेमकं काय? कागद, गूळ, का ऊस?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर 2024 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात कंपन्यांना हेच विचारलंय. दावा मालाबद्दल आहे, तो बनवण्याबद्दल का वेष्टनाबद्दल, ते स्पष्ट लिहा. ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’ असले मोघम शब्द पुरावा आणि खुलासा असल्याशिवाय वापरू नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 10 लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. ‘नैसर्गिक’ शब्दासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे 2018 चे नियम आहेतच.

ऐकायला झकास. पण कंपनीच्या ध्येयधोरणात ‘आमची वाढ शाश्वततेच्या तत्त्वांवर’ असं छापलं, तर एखाद्या मालाशी जोडेपर्यंत तो दावा धरत नाहीत. म्हणजे पुडक्यावर जपून, अहवालात मोकळं रान!

आणि पाणी? 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगेत उभे राहिलेले इथं बरेच बसलेत. ऊस वर्षभर रानात उभा, वर्षभर पाणी पिणार. गुऱ्हाळात रंग उजळायचं रसायन, हायड्रॉस, टाकलं नसेल, भेंडीच्या पाण्यानं मळी काढली असेल, गूळ चांगलाच म्हणायचा. पण त्यासाठी बोअर किती फूट खाली गेलं, हे पुडकं सांगत नाही. माझं म्हणणं, मराठवाड्यात पहिला हिशेब पाण्याचा मागा; कागदाचा नंतर.

परवा एका बचत गटाच्या बाया तूरडाळीच्या पिशवीचा मजकूर घेऊन आल्या. ‘सेंद्रिय’ लिहू का, म्हणाल्या. थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला प्रमाणपत्रातून सूट आहे. पण यांना माल दुकानात ठेवायचा होता, तिथं प्रमाणपत्र लागतं. शिवाय दोघींनी फवारणी केलेली. मी म्हणालो, ते सोडा. तूर कोरडवाहू आहे ना? मग ‘फक्त पावसावर पिकलेली’ एवढंच लिहा. सगळ्यांना पटलं. मागं बसलेली एक म्हातारी तेवढी गप्प होती. मग हळूच म्हणाली, “सर, औंदा फुलोऱ्यात एक पाणी दिलंय की आमी.”

‘फक्त’ खोडला. खाली बारीक अक्षरात लिहिलं: फुलोऱ्यात एक पाणी दिलं.